तोंडावरचा हात काढ

दात गेले की माणूस आधी हसणं आवरतं घेतो, मग बोलणं, मग चारचौघांत जेवणं. डॉक्टरकडे जाणं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून टाळलेलं असतं. तुझे वरचे पुढचे दात काढल्याचं कळलं तेव्हा मी तुझ्या आईला, म्हणजे वहिनीला, एवढंच विचारलं, ‘ती कुणाला भेटते का?’ वहिनी म्हणाली, ‘मास्क लावून ऑफिसला जाते, मास्क लावून घरी येते. बोलताना घरातसुद्धा तोंडावर हात.’ म्हणून हे लिहितेय, पोरी.

माझी सगळी नोकरी दंत रुग्णालयात गेली. केसपेपर काढण्यापासून हत्यारं उकळण्यापर्यंत सगळं केलं आणि त्या खुर्चीत बसलेल्या माणसांचे चेहरे जवळून पाहिले. आता माझ्या स्वतःच्या तोंडात वरची पूर्ण कवळी आहे. म्हणजे हे खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे. त्यावरून सांगते, हिरड्यांचा आजार काही दात नेतो आणि ते लपवण्याच्या नादात उरलेले जातात. तेव्हा लपवणं सोडायचं, आणि ते कसं सोडायचं याचेच हे कानमंत्र.

१. आधी काय झालं ते नीट समजून घे

या आजाराला आपल्याकडे सरसकट ‘पायरिया’ म्हणतात आणि म्हणताना नाक मुरडतात. जणू काही हा घाणेरड्या माणसांचाच रोग! होतं असं की, दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे जिवाणूंचा चिकट थर सतत साचत असतो. तो रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊन त्याचं कीटण बनतं. हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. इथवर सगळं पूर्ववत होऊ शकतं. पुढे मात्र सूज आत उतरते, हिरडी दातापासून सुटते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. बांधावरच्या झाडाखालची माती वाहून गेली की धडधाकट झाडसुद्धा कलतं, तसा अजिबात न किडलेला दातही हलतो. आणि हे बहुतेक वेळा दुखत नाही, इथेच माणूस फसतो. किडलेली दाढ रात्रभर जागवते; हिरडी मात्र वर्षानुवर्षं गप्प राहते.

मग चूक कुणाची? सफाईत कुठे कमी पडलं असेल तर तेवढं मान्य करून टाक. पण एकाच घरात, एकाच पद्धतीनं दात घासणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीचं हाड झिजतं आणि दुसरीचं जसंच्या तसं राहतं, हेही खरं आहे. घराण्यात कल असतो. काहींना तर विशी-पंचविशीतच हा आजार झपाट्यानं होतो. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखरही आवरेनाशी होते. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात. ‘बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं’ ही समजूत मात्र खोटी. तंबाखू, विडी-सिगारेट आणि मिश्री तर दातांच्या मुळावरच उठतात. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ मध्येच बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण विचारतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे १९ टक्के प्रौढांना हिरड्यांचा तीव्र आजार आहे, म्हणजे १०० कोटींहून जास्त माणसांना. साठीपुढच्यांपैकी जवळजवळ २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात नसतो. आणि यातल्या बहुतेकांना वाटतं की असं फक्त आपलंच झालंय.

२. वाईट वाटतंय तर वाटू दे

लेकराचा दुधाचा दात पडला की घरात केवढं कौतुक! कुणी कौलावर फेकायला लावतं, कुणी उंदराला देऊन नवा मागायला सांगतं. चाळिशीत दात काढला की तो कापसाबरोबर बादलीत जातो. ‘अर्धा तास कापूस दाबून धरा, आज चूळ भरू नका’ एवढं ऐकून माणूस रिक्षात बसतो. स्वप्नात दात पडलेला दिसला तरी घरातल्या कुणाचं बरंवाईट होईल म्हणून आपल्याकडे धास्तावतात. मग खरोखरचा दात गेल्यावर जीव कासावीस होणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

१९९८ मध्ये ‘ब्रिटिश डेंटल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला होता. सगळे दात गेलेल्या माणसांना नुसतं बोलतं केलं होतं. त्यांचं दुःख जवळचं माणूस गेल्यावर होतं तशाच प्रकारचं निघालं. आत्मविश्वास गेला, म्हातारपण एकाएकी अंगावर आलं, बिनदातांचं तोंड जोडीदारानंही पाहू नये असं वाटतं, आणि असं काही वाटेल याची आधी कुणी कल्पनाच दिली नव्हती. तिकडची माणसं, तिकडचे दवाखाने. पण आमच्या ओपीडीच्या बाकावर बसलेल्यांनी याहून वेगळं काही सांगितलं नसतं.

तेव्हा चार दिवस रड, चिडचिड कर, आरशाकडे पाठ फिरव. पण दोन-तीन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण नाही, कुणाचं तोंड बघावंसं वाटत नाही, असं चाललं तर ते दातांपुरतं राहिलेलं नाही. मग मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून, फुकटात बोलता येतं. फोनवर तर दात दिसतही नाहीत!

३. घरातल्या एकाला सगळं सांगून टाक

एकदा एक बाई मोडलेली कवळी रुमालात गुंडाळून आल्या होत्या. नवऱ्याला कळू नये म्हणून रोज दिवा मालवल्यावर कवळी काढायच्या आणि उशीखाली ठेवायच्या. एका रात्री कूस बदलताना कोपर पडलं आणि तिचे दोन तुकडे झाले. ‘यांना सांगू नका हं,’ असं त्या हळू आवाजात मला विनवत होत्या. नवरा बाहेर बाकावर बसलेला. मी केसपेपर द्यायला गेले तर तो विचारतो, ‘कवळी दुरुस्त होईल ना, सिस्टर? मला माहितीये हे तिला कळू देऊ नका.’ दोघांनी एकमेकांपासून तेच गुपित जपलं होतं, आणि कवळी रात्रभर पाण्यात ठेवायची सोडून उशीखाली कोरडी पडत होती.

तू आपल्या नवऱ्याला सरळ सांग: ‘दात काढल्यापासून मला तुझ्यासमोर तोंड उघडायला संकोच वाटतो.’ एवढं एक वाक्य पुरे. समोरच्याला काय बोलावं ते कळत नसतं, म्हणून तो गप्प असतो. आणि आपण त्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ काढतो.

लग्न ठरायचं असलेल्या पोरींसाठीही हेच सांगेन. पंचविशीची मुलगी, हिरड्यांवर उपचार चालू, आणि आई म्हणते, ‘पाहायला आले की ओठ मिटून हस.’ ओठ मिटून किती वर्षं हसणार? ‘मला हिरड्यांचा आजार आहे, उपचार चालू आहेत’ हे बोलणी पुढे सरकायच्या आत सांगावं. ज्याला पळायचं तो तेव्हाच पळेल, आणि ते बरंच.

४. लोकांसाठी उत्तरं तयार ठेव

लोक विचारणारच. लिफ्टमध्ये विचारतील, हळदीकुंकवाला विचारतील, कँटीनमध्ये डबा उघडताना विचारतील. प्रश्न अचानक आला की आपण गोंधळतो, हात आपोआप तोंडावर जातो आणि मग घरी येऊन रात्रभर तेच आठवत बसतो. म्हणून उत्तरं आधीच पाठ करून ठेव.

ऑफिसात, ओळखीपाळखीत: ‘हिरड्यांचा आजार होता, दात काढावे लागले. नवे बसवायचेत.’ तीन छोटी वाक्यं आणि लगेच कामाचं बोलायचं. कारणं देत बसू नकोस. आपण लांबण लावली की समोरचा सल्ले सुरू करतो.

पोरासोरांनी विचारलं तर खरं सांग: ‘माझ्या हिरड्या आजारी पडल्या होत्या.’ मुलांना तेवढं पुरतं. कुजबुज आपण शिकवतो त्यांना.

भोचक काकूंसाठी: ‘डॉक्टर बघतायत. तुमची साखर कशी आहे हल्ली?’ गाडी तिकडे वळली की अर्धा तास तिकडेच राहते.

थट्टा करणाऱ्यांसाठी तर आपल्या म्हणी आहेतच. ‘चणे होते तेव्हा दात होते का नव्हते, तेही आता आठवत नाही,’ असं म्हण आणि मोकळी हो. मात्र कुणी चारचौघांत बोळकं-बिळकं म्हणून वारंवार हिणवत असेल तर हसण्यावारी नेऊ नकोस. बाजूला घेऊन शांतपणे सांग, ‘हा आजार आहे. यावरून बोललेलं मला चालणार नाही.’

आणि दिसण्याचं म्हणशील, तर माझ्या आजेसासूबाईंच्या काळात सवाष्ण बायका दातवण लावून मुद्दाम दात काळे करायच्या. ते सौभाग्याचं आणि सौंदर्याचं लक्षण होतं. पांढऱ्या दातांना तेव्हा नावं ठेवत. आज टीव्हीवरच्या जाहिरातीत चुन्यासारखे पांढरे दात दाखवतात म्हणून आपल्याला तसे हवेत. लोकांची नजर बदलत असते. आपल्या किमतीचा हिशेब तिच्या हवाली करू नये.

५. वासाची भीती मनात कुढत ठेवू नकोस

दात गेल्यापेक्षाही माणसाला जास्त टोचतं ते हे. समोरचा बोलताना जरा मागे सरकला की पोटात गोळा येतो. मग लवंग, वेलची, बडीशेप, माउथवॉश असं सगळं चालू होतं. त्यानं वास तासाभरापुरता झाकला जातो. वास येतो तो हिरडी आणि दात यांच्या फटीत खोलवर साचलेल्या जिवाणूंमुळे आणि जिभेवरच्या थरामुळे. त्या फटी डॉक्टरांकडून साफ झाल्या, रोज रात्री दातांच्या मधल्या जागा स्वच्छ झाल्या आणि जीभ मागपर्यंत हळूच खरवडली की वास बराच कमी होतो. तरी शंका राहिली तर विश्वासातल्या एका माणसाला विचार, ‘खरं सांग, येतो का?’ आपल्याला स्वतःच्या तोंडाचा वास नीट कळत नाही. उपचारांनंतर कित्येकांना नसलेला वासही येत असल्यासारखा वाटत राहतो.

६. डॉक्टरपुढे लाजायचं नाही

आमच्याकडे एक एसटी कंडक्टर यायचे. अगोदर घरी तीनतीनदा दात घासून, चूळ भरून, मग खुर्चीत बसायचे आणि तोंड उघडायचे अर्धंच. ‘रक्त येतं का?’ म्हटलं की ‘नाही’. ‘तंबाखू?’ ‘कधीमधी.’ बोटं पिवळीधमक! डॉक्टरांना तोंड पाहूनच सगळं कळतं. पण तू खोटं बोललीस तर उपचार चुकीच्या माहितीवर ठरतात. विडी-सिगारेटमुळे तर हिरडीतलं रक्त येणं दबतं, म्हणजे आजार असूनही दिसत नाही.

जाताना हे घेऊन जा: तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी हिरड्या सुजून वाढू शकतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील तर दात काढण्याआधी सांगायलाच हवं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही.

डॉक्टर एक बारीक, खुणा केलेली सळई हिरडीच्या कडेनं आत घालून मोजतात आणि आकडे बोलतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जास्त म्हणजे तिथे खिसा तयार झालाय. आपले आकडे लिहून माग. पुढच्या वेळी कमी झाले की नाही ते तुझं तुलाच कळेल. ‘कोणते दात वाचतील, कोणते नाहीत, आणि काही न केल्यास काय होईल?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही.

आणि ‘दात साफ केले की हलायला लागतात’ हे कानावर घेऊ नकोस. कीटणाचे खडे निघाले आणि सूज उतरली की दातांमध्ये फटी दिसतात, काही दिवस गार पाणी झिणझिणतं. त्या फटी आधीपासूनच होत्या. कीटणानं बुजल्या होत्या. वरची दाढ काढली की नजर कमी होते, हीसुद्धा नुसती अफवा.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालयात जायला संकोच करू नकोस. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारात आहे, महापालिकेचं नायर आहे, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहे. हिरड्यांचा विभाग वेगळा, दात बसवण्याचा वेगळा. शिकाऊ डॉक्टर हात लावतात, वेळ जास्त लागतो. पण वरचे सर येऊन तपासतात आणि खिसा रिकामा होत नाही.

७. उरलेल्या दातांकडे बघ

गेलेल्या दातांचं दुःख करताना तोंडातले बाकीचे विसरायचे नाहीत. मऊ ब्रश घे, तिरका धरून हिरडीच्या कडेवर टेकव आणि जागच्या जागी हलका हलव. दोन मिनिटं. भांडी घासल्यासारखं जोर लावून घासलं की हिरडी उतरते. राखुंडी, विटेची भुकटी, मीठ-कोळसा यांनी दात झिजतात. दातांच्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशासारखे इवलेसे ब्रश मिळतात. फट मोठी असेल तर दातांमधून फिरवायच्या धाग्यापेक्षा ते बरे. कोणत्या मापाचा हवा ते डॉक्टरांकडूनच ठरवून घे. आणि काही झालं तरी रात्रीचं घासणं चुकवायचं नाही.

रक्त आलं म्हणून ब्रश थांबवू नकोस. तिथेच साफ करायची गरज जास्त असते. नीट साफ होऊ लागलं की आठ-पंधरा दिवसांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं तर डॉक्टर. एरवीही दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, आयुष्यभर. हा आजार मधुमेहासारखा आटोक्यात ठेवायचा असतो. एकदा साफ करून विसरायचा नसतो.

८. नवे दात बसवताना

जागा रिकामी ठेवू नकोस. शेजारचे दात तिकडे कलतात, समोरचा दात त्या फटीत उतरत येतो. तुझ्यापुढे तीन वाटा आहेत: काढता-घालता येणारे दात, शेजारच्या दातांचा आधार घेऊन बसवलेला ब्रिज आणि हाडात बसवलेलं इम्प्लांट. हिरडीच्या आजारानं शेजारचे दात हलत असतील तर ब्रिज त्यांच्यावर किती भार टाकेल ते विचार. इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड त्याच आजारानं बिघडू शकतं. म्हणून आधी हिरड्या आटोक्यात आणायच्या, तंबाखू सोडायची, मग इम्प्लांटचं बोलायचं. ‘एकदा बसवलं की कटकट गेली’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नकोस.

पहिले दिवस अवघडच जातात. तोंडात काहीतरी परकं कोंबल्यासारखं वाटतं, लाळ सुटते, शब्द घसरतात. फ, व, त, द, स हे सगळे दातांच्या आधारानं उमटतात. आपल्या मराठीत तर चमचा, जावई, झाड यांतले च, ज, झसुद्धा जिभेचा शेंडा दातांमागे टेकवूनच निघतात. रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाच. आणि एकसष्टपासून अडुसष्टपर्यंत सावकाश आकडे म्हण. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट असे आठही आकडे स्पष्ट निघाले की ऑफिसच्या मीटिंगला बिनधास्त बस.

कुठे टोचलं तर घरी कानस-पॉलिशपेपर घेऊन बसायचं नाही. टोचतं म्हणून दात काढून ठेवले असतील तरी डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी थोडा वेळ घाल. व्रण दिसला तरच नेमकं कुठे घासायचं ते त्यांना कळतं. दात काढल्यावर पहिल्या काही महिन्यांत हाड आकसतं आणि घट्ट बसणारी कवळी सैल होते. तेव्हा ती आतून भरून घ्यावी लागते. ‘मला सूटच होत नाही’ म्हणून डबीत टाकून द्यायची नसते.

आता धुण्याचं सांगते. बेसिनमध्ये अर्धं पाणी भर किंवा खाली जाडसा पंचा अंथर, मग कवळी हातात घे. ओल्या हातातून ती साबणाच्या वडीसारखी निसटते आणि कोरड्या बेसिनवर आपटली की खेळ खलास. मऊ ब्रश आणि साधा साबण वापर. टूथपेस्टनं चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. उकळतं पाणी कधीच नाही, आकार बिघडतो. रात्री काढून साध्या पाण्यात ठेव. चोवीस तास घातली तर टाळू लाल होतो, बुरशी लागते. तुकड्याच्या दातांना, म्हणजे काही दातांपुरत्या कवळीला, तारेचे आकडे असतात. ते बोटांनी दाबून बसवायचे, चावून बसवायचे नाहीत.

एक डबी कायम पर्समध्ये ठेव. लग्नाच्या हॉलमध्ये कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेले दात उष्ट्या पत्रावळींबरोबर कचऱ्यात गेलेले मी पाहिलेत. ऑपरेशनच्या वेळी काढून ठेवायला लावले तर डबीवर नाव लिहून घरच्यांच्या हातात दे.

९. पंगतीला बस

जेवण टाळणं हे एकटं पडण्याचं ठळक लक्षण. ‘माझा उपास आहे’, ‘मी घरून जेवून आले’ असं म्हणायची सवय एकदा लागली की बोलावणीही हळूहळू थांबतात. जायच्या आधी घरी सराव कर. सुरुवातीला मऊ भात, खिमट, पिठलं, दुधात कुस्करलेली भाकरी. घास छोटा आणि दोन्ही बाजूंनी चावायचं. एकाच बाजूनं चावलं की कवळी दुसरीकडून उचलते. पेरू फोडी करून, कणसाचे दाणे सोडवून, चकलीचे तुकडे करून. संक्रांतीला तिळाची कडक वडी दातानं तोडायला जाऊ नकोस, मऊ लाडू घे. तीळ, खसखस कवळीखाली गेली की भयंकर टोचते. तेव्हा सरळ उठायचं, चूळ भरून यायचं, परत पानावर बसायचं. हात धुवायला उठलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही.

तोंडात कुठेही व्रण होऊन पंधरा दिवसांत भरला नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला, तर तो कवळीचाच असेल असं समजून बसू नकोस. तंबाखू खाणाऱ्यांनी तर मुळीच नाही. दाखवून घ्यायचं.

१०. हे घरच्यांना वाचून दाखव

‘आता या वयात कशाला हवेत दात?’ असं कुणी म्हणायचं नाही. ‘तुला कितीदा सांगितलं होतं नीट घासत जा’ हेही नाही; दात गेल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. तिच्यासाठी वेगळा मऊ पदार्थ गाजावाजा न करता सगळ्यांबरोबरच वाढायचा. फोटो काढताना ‘हस ना जरा’ म्हणून मागे लागायचं नाही, आणि तिला वगळूनही काढायचा नाही. नवे दात आले की ‘ओळखूच आली नाहीस!’ असं ओरडू नका. ‘चावता येतंय ना नीट?’ एवढं विचारा.

आणि हा आजार घराण्यात चालतो, हे पहिल्याच कानमंत्रात सांगितलंय. म्हणजे ज्या घरात एकाचे दात असे गेले, तिथे बाकीच्यांनी हिरड्या तपासून घ्यायला हव्यात. तुझ्या मुलांनीही. दादाच्या ब्रशाला कित्येक महिन्यांपासून रक्त लागतं, तो नळाखाली धुऊन टाकतो आणि कुणाला सांगत नाही, हे वहिनीनंच मला सांगितलंय. तुझी पुढची तारीख घेशील तेव्हा त्याच दिवशी तुझ्या बाबांचीही घे, आणि दोघं एकाच रिक्षानं जा.